पायलट व्हायचं तर दहावी-बारावीत काय हवं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांसाठी

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने दोन उड्डाण प्रशिक्षण संस्थांना जागा दिली. पायलटचं शिक्षण म्हणजे बेंगळुरू-मुंबईकडच्या लोकांचं काम, ही समजूत तेव्हाच मोडायला हवी होती. तरी आपल्या भागातली बरीच मुलं चौकशीला येतात ती बारावी झाल्यावर, आणि तोवर विषय चुकलेले असतात किंवा कागदांवरची नावं जुळत नसतात. उड्डाणाचा खर्च आणि अभ्यास हा पुढचा भाग आहे. इथे आपण बघू ते शाळा-कॉलेजच्या पातळीवर काय हवं, कधी हवं आणि कुठे अडतं.

नियम काय सांगतो

भारतात पायलटचं लायसन्स देते एकच संस्था, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. ती केंद्राची आहे. त्यामुळे बारावी कर्नाटक बोर्डाची, महाराष्ट्र बोर्डाची की सीबीएसईची, याने काही फरक पडत नाही. बोर्ड मान्यताप्राप्त असलं म्हणजे झालं.

शिकाऊ लायसन्स, म्हणजे एसपीएल, दहावी पास आणि १६ वर्षं पूर्ण असली की मिळू शकतं. खासगी पायलट लायसन्सला, पीपीएलला, दहावीच पुरते, वय १७. पण पगार घेऊन विमान चालवायचं तर लागतं कमर्शियल लायसन्स, सीपीएल. त्याला वय १८ आणि बारावी पास, आणि त्या बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन्ही विषय. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

या अटीत केमिस्ट्री नाही, बायोलॉजी नाही, कॉम्प्युटर नाही. डीजीसीएने किमान टक्केवारीही ठरवलेली नाही. दोन्ही विषयांत पास झालेलं मार्क्स कार्ड तिला चालतं. टक्के मागतात ते प्रशिक्षण संस्था आणि विमान कंपन्या. त्यांचं पुढे येईलच.

फिजिक्स-मॅथ्सची अट काढून आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनाही सीपीएल खुलं करावं, असा प्रस्ताव २०२५ मध्ये चर्चेत आला. तेवढ्यावर विसंबून मुलाला आर्ट्सला घालू नका. प्रस्ताव वेगळा, नियमात छापून आलेला बदल वेगळा. आणि अट उद्या गेली तरी लायसन्ससाठी डीजीसीए जे पेपर घेते त्यांतलं गणित कुठे जाणार आहे?

पीयूसीला काय घ्यायचं

कर्नाटकात राहून पीयूसी, म्हणजे तिथली अकरावी-बारावी (फर्स्ट आणि सेकंड पीयूसी), करणाऱ्यांसाठी हे सोपं आहे. सायन्सची जी कॉम्बिनेशन्स आपल्याकडे सर्रास चालतात, ती पीसीएमबी, पीसीएमसी, पीसीएमई (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि चौथा विषय बायोलॉजी, कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स), या सगळ्यांत फिजिक्स आणि मॅथ्स असतात. पायलटच्या दृष्टीने तिन्ही सारखीच. चौथा विषय आवडीने निवडा. बायोलॉजी घेतली तर नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेशाचा, दरवाजा उघडा राहतो, पण दोन दगडांवर पाय ठेवून मॅथ्स कच्चं राहणार असेल तर कॉम्प्युटर बरा.

कॉमर्सला बेसिक मॅथ्स घेऊन भागेल, असं काही जणांना वाटतं. भागत नाही, कारण तिथे फिजिक्सच नाही.

खरा धोका आहे सीमा ओलांडून महाराष्ट्रात जाणाऱ्यांना. निपाणी-चिकोडीकडची मुलं कोल्हापूर-गडहिंग्लजला, बेळगाव-खानापूर पट्ट्यातली चंदगडला बारावीला जातात. महाराष्ट्र बोर्डात सायन्स घेऊन मॅथ्स सोडायची सोय आहे. ‘मेडिकलला जायचंय, मॅथ्स कशाला’ म्हणून विषय सोडला की त्या मार्क्स कार्डावर सीपीएल मिळत नाही. प्रवेशाचा फॉर्म भरताना विषयांच्या रकान्यात फिजिक्स आणि मॅथमॅटिक्स दोन्ही लिहिलेले स्वतः बघा. ‘सायन्स घेतलंय’ एवढ्यावर समाधान मानू नका.

आणखी एक गल्लत कानावर येते. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या काही प्रवेशांत सवलत आहे, तशी पायलटच्या शिक्षणातही असेल, असं समजून लोक कागद गोळा करत बसतात. डीजीसीएच्या लायसन्सशी त्याचा काही संबंध नाही.

एखाद्या विषयात दांडी उडाली तर घाबरू नका. कर्नाटक बोर्ड आता सेकंड पीयूसीची वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा परीक्षा घेतं. पहिल्या परीक्षेत मॅथ्स राहिलं तर त्याच वर्षी पुढच्या परीक्षेत काढता येतं, वर्ष वाया जात नाही.

आर्ट्स, कॉमर्स किंवा डिप्लोमा झाला असेल तर

रस्ता आहे, पण तो नीट चाला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे केंद्राचं बोर्ड आहे आणि डीजीसीएला ते चालतं. बारावी आधीच पास असलेल्याला तिथे सुटे विषय घेऊन परीक्षा देता येते. आपल्याला लागतात दोन: मॅथमॅटिक्स, विषय क्रमांक ३११, आणि फिजिक्स, क्रमांक ३१२. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, फिजिक्सला प्रात्यक्षिक परीक्षा आहे. लेखी पास आणि प्रात्यक्षिकाला गैरहजर, म्हणजे विषय नापास. दुसरं, घरून करायच्या असाइनमेंट वेळेत न भरल्यास ते गुण जातात. तिसरं सगळ्यात महाग पडतं: ‘महिन्यात बारावी सायन्सचं मार्कशीट देतो’ म्हणणारे एजंट. अशा कुठल्यातरी बोर्डाच्या कागदावर क्लासची आणि उड्डाणाची फी भरली जाते आणि डीजीसीए पडताळणी मागते तेव्हा ते बोर्ड मान्यतेच्या यादीतच नसतं. तोवर गेलेले लाखो रुपये कोणी परत देत नाही.

दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्यांनी तंत्रशिक्षण खात्याकडून हा डिप्लोमा बारावी सायन्सच्या बरोबरीचा आहे आणि त्यात फिजिक्स-मॅथ्स होते, असा लेखी कागद मिळतो का हे आधी विचारावं. मिळायला वेळ लागतो. पुष्कळ जण त्या पाठपुराव्यापेक्षा एनआयओएसचे दोन विषय काढून मोकळे होतात, आणि तेच शहाणपणाचं.

फर्स्ट पीयूसी कच्ची ठेवू नका

हे मुद्दाम सविस्तर लिहायला हवं, कारण कॉलेजात कोणी सांगत नाही. फर्स्ट पीयूसीची परीक्षा सेकंडसारखी महत्त्वाची नाही म्हणून मुलं ते वर्ष ढकलतात. पण पायलटला रोज लागणारं फिजिक्स नेमकं त्याच वर्षात आहे: व्हेक्टर, गतीचे नियम, द्रवांचं दाब-प्रवाहाचं गणित, उष्णता. त्रिकोणमितीही तिथेच. सेकंड पीयूसीतला विजेचा आणि प्रकाशाचा भाग टेक्निकलच्या पेपरला उपयोगी पडतो, पण नेव्हिगेशन आणि हवामान हे दोन पेपर उभे आहेत फर्स्टच्या धड्यांवर.

सांबऱ्याहून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापर्यंत हवेतलं सरळ अंतर सुमारे ५२ नॉटिकल मैल आहे (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५ किलोमीटर). प्रशिक्षणाचं छोटं विमान १०० नॉटने, म्हणजे ताशी १०० नॉटिकल मैलांनी, निघालं तर साधारण ३१ मिनिटं लागतील. आता समजा, डावीकडून, म्हणजे पश्चिमेच्या अंगाने, २० नॉटचा आडवा वारा आहे आणि पायलटने नाक सरळ कोल्हापूरकडेच धरलं. त्या ३१ मिनिटांत वारा विमानाला साडेदहा नॉटिकल मैल, म्हणजे १९ किलोमीटर उजवीकडे ढकलेल. खाली बघावं तर उजळाईवाडी नाही, इचलकरंजीच्या आसपासचा मुलूख. हे टाळायला नाक वाऱ्याकडे किती अंश वळवायचं? २० भागिले १००, त्याचा साइन व्यस्त, म्हणजे साडेअकरा अंश. विमानात कॅल्क्युलेटर काढायला सवड नसते म्हणून पायलट साठाचा ठोकताळा वापरतात: २० भागिले १००, गुणिले ६०, उत्तर १२ अंश. जवळजवळ तेच. ज्याला व्हेक्टरची बेरीज कळली आहे त्याला हे दोन मिनिटांत समजतं, आणि ज्याने फर्स्ट पीयूसी ढकलली त्याला क्लासमध्ये हजारो रुपये मोजून तेच पहिल्यापासून शिकावं लागतं.

दुसरं उदाहरण उष्णतेचं. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश उतरतात, म्हणजे सांबऱ्याला १० अंश ‘असायला हवेत’. एप्रिलच्या दुपारी असतात ३६. फरक २६ अंशांचा. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर ३,१२० फूट वाढले. म्हणजे दाब नेहमीचा असेल तर त्या दुपारी विमान ५,६०० फुटांवरच्या विरळ हवेत असल्यासारखं वागतं: इंजिनाची ताकद कमी, पंखांना उचल कमी, धावपट्टीवरची धाव लांब. भरलेल्या विमानाला सकाळी जे सहज जमतं, ते दुपारी दोन वाजता जमेलच असं नाही.

मराठी माध्यमाची अडचण किती खरी

अडचण आहे, पण लोक समजतात तितकी मोठी नाही. बोलताना अडखळणं महिनाभराच्या सरावाने सुटतं. त्वरण म्हणजे अॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, दाब म्हणजे प्रेशर, ही जोडी डोक्यात बसायला मात्र फर्स्ट पीयूसीचे पहिले काही महिने जातात. दहावीची परीक्षा झाल्यावरच्या सुटीत आठवी ते दहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक आणून, आपलं मराठी पुस्तक शेजारी ठेवून, धडा-धडा वाचला तर जूनमध्ये वर्गात कान बंद होत नाहीत.

पुढे लायसन्ससाठी इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची चाचणी असते. तिच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी लागते. तिथे व्याकरणाची बिनचूक वाक्यं मागत नाहीत; समोरच्याला एकदा ऐकून समजेल असं स्पष्ट बोलणं मागतात. कानडी-मराठी-हिंदी तिन्ही कानावर पडलेल्या आपल्या मुलांना चौथी भाषा उचलायला तसं जड जात नाही. पीयूसीला दोन भाषा घ्यायच्या असतात, त्यात इंग्रजी ठेवाच. इंग्रजी नसेल तर काही संस्थांचे दरवाजे बंद होतात.

टक्के कोण मागतं

उत्तर प्रदेशात फुरसतगंज इथे केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथे बारावीत इंग्रजी, फिजिक्स आणि मॅथ्स हवेत आणि खुल्या गटाला ५० टक्के, आरक्षित गटांना ४५ टक्के लागतात. त्यावर प्रवेश परीक्षा. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनाही (कंपनी स्वतः मुलं निवडून पायलट घडवते त्या) साधारण याच पातळीचे किंवा थोडे वर गुण मागतात. म्हणून घरात उद्दिष्ट ठेवायचं ते तिन्ही विषयांत ६० टक्क्यांचं. त्याखाली पडलात तरी खासगी संस्थेतून सीपीएल करता येतं, फक्त निवड कमी होते.

हवाई दलाचा रस्ता वेगळा. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात जायचं तर बारावीला फिजिक्स, मॅथ्सच्या जोडीला केमिस्ट्रीही लागते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. मुलींनाही आता ही परीक्षा खुली आहे. पदवीनंतर एएफकॅटमधून, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून, उड्डाण शाखेत जायचं तर पदवीला ६० टक्के आणि बारावीच्या फिजिक्स, मॅथ्समध्ये प्रत्येकी ५०. पीसीएमबी किंवा पीसीएमसी घेतलेल्याला हे दोन्ही रस्ते खुले राहतात.

डोळे आणि रंग, दहावीतच

वैद्यकीय तपासणी बारावीनंतर असते म्हणून लोक ती शेवटी ठेवतात. हे उलटं आहे. नियमाची अंतिम तपासणी नंतर होईल, पण रंगांधळेपणा आहे की नाही हे आपल्या तालुक्यातला डोळ्यांचा कुठलाही डॉक्टर ठिपक्यांच्या इशिहारा पुस्तकावरून पाच मिनिटांत सांगतो. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हे बहुतेक वेळा आईच्या बाजूने मुलाकडे येतं. मामाला तो त्रास असेल तर आधी तपासाच. त्यावर औषध नाही, आणि दोन वर्षं सायन्स करून मग ते कळण्यापेक्षा दहावीत कळलेलं बरं.

चष्म्याचं भय मात्र सोडा. चष्म्यासकट प्रत्येक डोळ्याने ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ दिसलं तर चष्मा आडवा येत नाही.

पुढे क्रम असा: आधी डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरकडे क्लास टू वैद्यकीय तपासणी, ती मंजूर झाली की सीपीएलला लागणारी क्लास वन. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे बेंगळुरूची हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था. काही खासगी रुग्णालयांनाही आता परवानगी आहे. क्लास वन हातात येईपर्यंत उड्डाण संस्थेला मोठी रक्कम देऊ नका. यावर मतभेदाला जागा नाही.

नावाचा घोळ

सीमाभागातली सर्वात मोठी अडचण हीच. समजा, मुलाच्या आधारवर ‘सागर मारुती पाटील’ आहे. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर ‘सागर एम पाटील’. बारावी कोल्हापूर बोर्डातून केली, तिथे आडनाव पुढे: ‘पाटील सागर मारुती’. पासपोर्टला एजंटने आडनावाचा रकाना रिकामा सोडला. आपल्या दृष्टीने माणूस एकच, पण ऑनलाइन अर्जाच्या दृष्टीने चार. गावाचंही तसंच: २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी आहे, जुन्या दाखल्यांत बेळगाव किंवा बेलगाम असतं.

दहावीच्या कागदावरचं नाव आणि जन्मतारीख हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवा. दहावीच्याच कागदात चूक असेल तर दुरुस्ती शाळेच्या हेडमास्तरांमार्फत बोर्डाकडे जाते. म्हणून दहावीचा परीक्षा अर्ज भरताना शाळा नावांची यादी तपासायला देते, तेव्हा आई-बापाने स्वतः जाऊन स्पेलिंग बघावं. तिथली एक सही पुढचे सहा महिने वाचवते. पीयूसीची नोंदणी एसएसएलसीवरूनच होते, म्हणजे तिथली चूक आपोआप पुढे सरकते.

बारावीचा निकाल लागल्यावर बोर्डाकडून मार्क्स कार्डाची पडताळणी लगेच मागवा. डीजीसीएच्या परीक्षा पोर्टलवर कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, घेताना ती लागते, आणि जूनमध्ये बोर्डात गर्दी असते. दहावी कर्नाटकात आणि बारावी महाराष्ट्रात झाली असेल तर दोन बोर्ड, दोन पत्रव्यवहार. दोन्ही एकदमच सुरू करा. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातून, जात-उत्पन्नाचा दाखला काढताना अर्जातच इंग्रजी प्रत मागा, नाहीतर दिल्लीला पाठवायला कानडीचं भाषांतर करत बसावं लागतं.

त्यानंतर

कॉम्प्युटर नंबर मिळाला की नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि टेक्निकल हे पेपर देता येतात. प्रत्येकात ७० टक्के लागतात, चुकीला गुण कापत नाहीत. विमानातल्या रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची आरटीआर परीक्षा आजवर दूरसंचार खात्याकडे होती, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएकडे आणली. विमानात एकूण २०० तास भरायचे, त्यातले १०० स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्याकडे असताना. पेपर आधी काढून मग उड्डाणाला जाणाऱ्याचे पैसे वाचतात. संस्थेत राहून पेपर देत बसणाऱ्याचं राहण्या-खाण्याचं बिल वाढत जातं.

परदेशात बारावीशिवायही लायसन्स मिळतं, अमेरिकेत तर शिक्षणाची अटच नाही. पण ते लायसन्स घेऊन भारतात आलं की रूपांतराच्या वेळी डीजीसीए तेच विचारते: बारावीत फिजिक्स, मॅथ्स आहे का?

खर्चाचा आकडा भारतात साधारण ४० ते ६० लाखांच्या घरात जातो, पुढे विमानाच्या प्रकाराचं प्रशिक्षण वेगळं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत कमर्शियल पायलटचा अभ्यासक्रम पहिल्या गटात धरलेला आहे. तिचा अर्ज, शिक्षण कुठेही चालू असो, आपण कायमचे रहिवासी असलेल्या राज्याकडे करायचा. म्हणजे खानापूरच्या मुलाने प्रशिक्षण बारामतीला घेतलं तरी अर्ज कर्नाटकाकडे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली नाही ना, हे अर्जाच्या आदल्या महिन्यात बघून ठेवा.